पहिला कस्टम वॉटर लूप: कोणता भाग आधी निवडायचा आणि का

कस्टम वॉटर लूप म्हणजे सुटे भाग जोडून आपणच बांधलेली, कंप्युटरच्या चिपा पाण्याने गार ठेवणारी व्यवस्था: चिपवर बसवलेला धातूचा ब्लॉक उष्णता पाण्याला (म्हणजे कूलंटला) देतो, पंप ते पाणी ट्यूबमधून फिरवतो, पंखे लावलेला रेडिएटर उष्णता हवेत सोडतो आणि ट्यूब या भागांना फिटिंगने जोडलेल्या असतात. असा लूप वर्षातून एकदा तरी उघडावा लागतो. पाणी काढायचं, ब्लॉक साफ करायचा, नवं पाणी भरायचं. पहिल्यांदा भाग निवडणारे बरेच जण ट्यूबचे सुबक काटकोन आणि कूलंटचा रंग बघून सुरुवात करतात. मग वर्षभराने पाणी काढायची वेळ येते, तेव्हा ते निघणार कुठून हेच ठरलेलं नसतं आणि अख्खी केस (कंप्युटरचा डबा) मोरीत आडवी धरावी लागते. त्यामुळे इथे प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारले आहेत: तो उष्णता नीट बाहेर टाकायला मदत करतो का, आणि पुन्हा उघडायला सोपा आहे का?

खरेदीचा क्रमही तसाच ठेवा. आधी उष्णतेचा हिशेब, मग केस आणि रेडिएटर, मग ब्लॉक, पंप, ट्यूब, फिटिंग आणि शेवटी कूलंट.

मुळात लूप हवा आहे का?

फक्त सीपीयूसाठी, म्हणजे प्रोसेसरसाठी, कस्टम लूप बांधू नका. आजच्या प्रोसेसरची चिप इतकी लहान असते की अडचण पाणी किती गार आहे यात नसते, चिपमधून तिच्यावरच्या धातूच्या झाकणापर्यंत आणि झाकणातून ब्लॉकपर्यंत उष्णता किती वेगाने पोचते यात असते. रायझन ७००० मालिकेतले एक्स प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत; महागडा लूप लावला तरी तिथे फार मोठा फरक दिसत नाही. खरा फायदा ग्राफिक्स कार्डाला होतो. कार्डाची चिप मोठी असते, तिच्यावर झाकण नसतं आणि ब्लॉक थेट सिलिकॉनवर बसतो. एअर कूलरवर ७० ते ८० अंशांवर चालणारं कार्ड पाण्यावर ५०च्या आसपास येतं, तेही पंखे जवळजवळ ऐकू न येता. म्हणून कार्ड लूपमध्ये घ्यायचं असेल तरच पुढे जा. नाहीतर चांगला एअर कूलर घ्या आणि उरलेले पैसे कार्डात घाला.

उष्णतेचा हिशेब

उदाहरणादाखल एक नेहमीची जोडी घेऊ: रायझन ७ ७७००एक्स आणि आरटीएक्स ४०८० सुपर. प्रोसेसरची सॉकेटवरची (तो बोर्डावर बसतो त्या खाचेवरची) मूळ मर्यादा १४२ वॅट, कार्डाची ३२० वॅट. पंपाचे १५-२० वॅट धरले की बेरीज साधारण ४८० वॅट होते. गेम खेळताना दोन्ही एकदम इतकं खेचत नाहीत, पण हिशेब वरच्या आकड्यावरच करावा.

१२० मिमीचा एक पंखा बसेल एवढा रेडिएटरचा तुकडा, पंखा मिनिटाला १००० ते १२०० फेऱ्यांवर असताना, पाणी खोलीपेक्षा १० अंश गरम ठेवून साधारण १०० वॅट बाहेर टाकतो. हा ढोबळ अंदाज आहे, पण नियोजनाला पुरेसा आहे. ४८० वॅटला असे पाच तुकडे लागतात, म्हणजे एक ३६० (तीन तुकड्यांचा, ३६० मिमीचा रेडिएटर) आणि एक २४० (दोन तुकड्यांचा). शांतता हवी असेल तर दोन ३६०. ‘प्रत्येक भागाला एक १२०, वर एक जास्तीचा’ हा जुना नियम अजून सांगितला जातो; त्या नियमाने इथे एक ३६० पुरतो असं उत्तर येतं. ते चुकीचं आहे. आरटीएक्स ५०९० तर एकटंच ५७५ वॅटचं आहे.

आता खोलीचं तापमान. पाणी खोलीपेक्षा गार कधीच होत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात कूलर बंद असलेल्या खोलीत ४० अंश असतील, तर याच लूपमधलं पाणी ५० अंशांवर जाईल. ट्यूब आणि पंप बनवणारे बहुधा ६० अंशांची वरची मर्यादा देतात, म्हणजे हाताशी १० अंशच उरतात. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी म्हणूनच एक तुकडा जास्तच धरावा. कोकण-मुंबईकडून नेहमी येणारा प्रश्न वेगळा असतो: दमट हवेत ट्यूबवर पाणी सुटून मदरबोर्डावर ठिबकेल का? नाही. दव धरायला पृष्ठभाग हवेपेक्षा गार लागतो आणि लूपमधलं पाणी कायम हवेपेक्षा गरमच असतं.

केस आणि रेडिएटर

केसच्या माहितीत ‘वर ३६० बसतो’ असं लिहिलेलं असतं, पण किती जाडीचा ते शोधावं लागतं. रेडिएटर ३० मिमी आणि पंखा २५ मिमी म्हणजे ५५ मिमी. वरच्या बाजूला एवढी जागा असली तरी रॅमची उंच पट्टी किंवा बोर्डावरचा हीटसिंक आड येऊ शकतो. ४५ किंवा ६० मिमीचे जाड रेडिएटर पहिल्या लूपला घेऊ नका; मंद पंख्यांवर त्यांचा फायदा थोडाच होतो आणि जागा मात्र खूप जाते. त्यापेक्षा ३० मिमीचे दोन नेहमीच बरे. लियान ली ओ११ डायनॅमिकसारख्या केसमध्ये वर, खाली आणि बाजूला अशा तीन जागी ३६० बसतो, त्यामुळे नवख्याला मोकळं काम करता येतं.

रेडिएटर तांब्या-पितळेचाच घ्या. ब्लॉक तांब्याचे किंवा निकेलचा मुलामा दिलेले असतात. त्याच पाण्यात ॲल्युमिनियम आलं की दोन धातू आणि पाणी मिळून बॅटरीसारखं काम करतात आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं: आधी पांढरट गाळ, मग खड्डे, मग गळती. तयार मिळणाऱ्या सीलबंद वॉटर कूलरचे रेडिएटर बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात. जुना पडून आहे म्हणून तो लूपमध्ये जोडू नका. स्वस्त फिटिंगसुद्धा पितळेची आहेत याची खात्री करा.

एक बारीक गोष्ट इथे मोठं नुकसान करते. पंखे बसवायचे स्क्रू ३० मिमीचे असतात आणि रेडिएटर थेट केसला लावायचे ५ मिमीचे. दोन्ही एकाच पिशवीत येतात. पंखा मध्ये नसताना लांब स्क्रू आवळला तर त्याचं टोक पत्र्याच्या पातळ पट्ट्यांमधून पाण्याच्या नळीत घुसतं आणि नवा कोरा रेडिएटर वाया जातो. काही रेडिएटरमध्ये भोकाखाली बचावाची पट्टी असते. तरी स्क्रू आधी बाहेर धरून लांबी मोजा.

ब्लॉक

सीपीयू ब्लॉक निवडताना सॉकेट बघितलं की निम्मं काम झालं. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ सॉकेटला कूलरची बैठक सारखीच आहे, इंटेलच्या एलजीए१७०० आणि १८५१चीही बहुधा जुळते, पण एलजीए१२००ची बैठक वेगळी आहे. बाकी नामवंत कंपन्यांच्या ब्लॉकमध्ये दोन-तीन अंशांपलीकडे फरक पडत नाही. आत जाणारं तोंड आणि बाहेर येणारं तोंड ठरलेलं असतं हे मात्र लक्षात ठेवा: पाणी आधी मधल्या बारीक फटीतून तांब्याच्या पात्यांवर पडलं पाहिजे. उलटं जोडलं तर लूप चालतो, पण तापमान वाढतं आणि कारण सापडत नाही.

कार्डाच्या ब्लॉकला मात्र वेळ द्या. तो चिपच्या नावावर नाही, कार्डाच्या पीसीबीवर (सगळे भाग जोडलेल्या सर्किटच्या पाटीवर) बसतो. एकाच कंपनीच्या ४०८० सुपरच्या दोन मॉडेलांची पीसीबी वेगळी असू शकते, तेव्हा कार्ड घेण्याआधीच त्या नेमक्या मॉडेलला ब्लॉक मिळतो का ते ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत बघा. कार्ड आधी, ब्लॉक नंतर असं केलं की हमखास अडकायला होतं. ब्लॉकसोबत आलेले थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारे मऊ तुकडे) पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच, त्याच जाडीचे लावा. ०.५ मिमीच्या जागी १ मिमीचा पॅड गेला तर ब्लॉक मेमरीवर टेकतो आणि मधल्या चिपवर अधांतरी राहतो; सुरू केल्यावर हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) काही सेकंदांत १००च्या पुढे जातो. तसं दिसलं तर लगेच बंद करा आणि पॅड तपासा.

कार्डाचा मूळ कूलर उघडल्याने वॉरंटी जाते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. मूळ कूलर, त्याचे स्क्रू आणि पंख्याच्या तारा एका डब्यात नाव घालून ठेवा. कार्ड विकताना किंवा दुरुस्तीला देताना तोच डबा शोधावा लागतो.

पंप आणि टाकी

पहिल्या लूपला डी५ पंप घ्या, टाकीला जोडलेलाच. डी५ मोठा पण शांत, आणि आतून जाणाऱ्या पाण्यानेच गार राहतो. दुसरा प्रकार डीडीसी; तो लहान असून दाब जास्त देतो, पण गरम होतो आणि त्याला हवा लागते. छोट्या केसमध्ये त्याची गरज पडते, इथे नाही. पीडब्ल्यूएम (बोर्डावरून वेग बदलायची सोय) असलेला डी५ मिनिटाला ४८०० फेऱ्यांपर्यंत जातो. दोन ब्लॉक आणि दोन रेडिएटरच्या लूपला निम्म्या ते ६० टक्के वेगावर तो पुरून उरतो.

पंपाची वीज थेट पॉवर सप्लायवरून घ्या, बोर्डावरच्या पंख्याच्या पिनांवरून नाही. डी५ पूर्ण वेगात २३ वॅटपर्यंत खेचतो आणि साधी पंख्याची जोडणी १२ वॅटची असते. वेगाची बारीक तार मात्र बोर्डावरच्या सीपीयू फॅनच्या जागी लावा. पंप बंद पडला तर बोर्डाला कळतं आणि तो सुरू होतानाच इशारा देतो.

हे पंप हवा ओढू शकत नाहीत. पाणी वरून त्यांच्या तोंडाशी आलं पाहिजे. म्हणून टाकी पंपाच्या वर. आणि पंप कोरडा चालवायचा नाही, काही सेकंदही नाही, कारण त्याच्या बेअरिंगला वंगण म्हणून लूपमधलं पाणीच असतं.

भागांचा क्रम कोणता ठेवायचा यावर वाद खूप होतात. आकडा बघा: मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल आणि ४५० वॅट उष्णता असेल, तर लूपमधल्या सर्वांत गरम आणि सर्वांत गार जागेत जेमतेम दीड अंशाचा फरक येतो. त्यामुळे टाकीनंतर लगेच पंप एवढं सांभाळा आणि बाकी ट्यूब जिथे कमी लागेल तसं जोडा.

ट्यूब

काचेसारख्या कडक ट्यूबचा मोह पडतो. पहिल्या लूपला मऊ ट्यूबच घ्या. कडक ट्यूब गरम करून वाकवावी लागते, एक मिलिमीटर चुकली तर नवी कापावी लागते आणि पुढे रॅम बदलायची तर अर्धा लूप उतरवावा लागतो. मऊ ट्यूब चाकूने कापली की झालं.

माप १०/१६, म्हणजे आतून १० आणि बाहेरून १६ मिमी. इंचात हीच ३/८–५/८ नावाने मिळते. १०/१३ दिसायला नाजूक, पण तिची भिंत दीड मिमीचीच, त्यामुळे अरुंद वळणावर मुडपते आणि प्रवाह तुंबतो. १६ची भिंत ३ मिमी असते. पदार्थ ईपीडीएम रबर. दिसायला काळी आणि साधी, पण वर्षानुवर्षं तशीच राहते. पारदर्शक पीव्हीसी मऊ राहावी म्हणून तिच्यात जे प्लॅस्टिसायझर घातलेलं असतं ते हळूहळू पाण्यात उतरतं. वर्षाने असा ब्लॉक उघडला की अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद फटींत पांढरा, चिकट, पिठासारखा थर बसलेला दिसतो. नखाने खरवडला तर मेणासारखा निघतो. तापमान का वाढत गेलं याचं उत्तर तिथे असतं. मऊ दातब्रश आणि साबणाच्या पाण्याने तो निघतो, पण तोपर्यंत सगळा लूप सोडवलेला असतो. ट्यूब सहसा दोन मीटर लागते, तीन घ्या.

फिटिंग

खर्चाचा अंदाज चुकतो तो इथे. प्रत्येक भागाला दोन तोंडं: सीपीयू ब्लॉक, कार्ड, दोन रेडिएटर आणि पंप-टाकी मिळून १० कॉम्प्रेशन फिटिंग (रिंग आवळून ट्यूब धरून ठेवणाऱ्या). ड्रेनसाठी, म्हणजे पाणी काढायच्या जागेसाठी, आणखी दोन-तीन. सुट्या दोन. ९० अंशाच्या फिरत्या चार, ४५च्या दोन; मऊ ट्यूब असली तरी कार्डाजवळ आणि रेडिएटरच्या तोंडाशी त्या लागतातच. फिटिंगवरचं माप ट्यूबच्या मापाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. १०/१३ची रिंग १०/१६वर बसत नाही.

सगळीकडे आटे जी १/४ या मापाचे असतात. हे आटे सरळ असतात आणि पाणी अडवायचं काम आटे करत नाहीत, खालची रबरी ओ-रिंग करते. म्हणून इथे टेफ्लॉन टेप लावायची नाही. हार्डवेअरच्या दुकानातल्या पाव इंची निमुळत्या आट्यांच्या फिटिंगही वापरायच्या नाहीत. त्या आवळताना ॲक्रिलिकची टाकी किंवा ब्लॉकचं झाकण तडकतं. फिटिंग हातात घेऊन ओ-रिंग खाचेत सपाट बसली आहे का बघा. पीळ पडलेली किंवा एका बाजूला बाहेर डोकावणारी रिंग आवळताना कापली जाते. बोटांनी फिरवत न्या. रिंग टेकली की हाताला हलका विरोध जाणवतो. तिथून पाव फेरा पुरे. पक्कड लागते असं वाटलं तर काहीतरी तिरकं बसलं आहे.

ड्रेन असा करा: लूपमधल्या सर्वांत खालच्या ट्यूबमध्ये तीन तोंडांची टी, तिच्या खालच्या तोंडाला बॉल व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हच्या बाहेरच्या तोंडाला बुच. बुच विसरू नका, कारण व्हॉल्व्हचा दांडा चुकून हाताला लागून उघडू शकतो. पाणी काढताना बुचाच्या जागी फिटिंग आणि हातभर ट्यूब लावायची, टाकीचं वरचं झाकण उघडायचं म्हणजे हवा आत जाते, आणि मग व्हॉल्व्ह फिरवायचा. टी आणि व्हॉल्व्ह मिळून पाच-सात सेंटिमीटर उंची खातात, त्यामुळे ही जागा केस निवडतानाच मोजून ठेवा.

कूलंट

पारदर्शक, रंग नसलेलं तयार कूलंट घ्या. नाहीतर डिस्टिल्ड पाणी आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारं द्रव्य, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. दुधाळ पेस्टल रंगांत घन कण तरंगत असतात, ते कालांतराने ब्लॉकच्या फटींत आणि टाकीच्या तळाशी बसतात. फोटो सुंदर येतो, पण पहिल्या लूपला ते नको.

घरातल्या आरओचं पाणी डिस्टिल्ड नसतं, त्यात क्षार उरतात. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी बहुधा डीमिनरलाइज्ड असतं. रेडिएटर धुवायला ते चालेल, लूपमध्ये नुसतं भरू नका. एकूण पाणी साधारण एक लिटर लागतं, दोन लिटर घ्या. धुण्यासाठी पाच लिटर वेगळं.

ॲक्रिलिकला अल्कोहोल लावू नका. टाकी किंवा ब्लॉकचं झाकण सॅनिटायझरने, आयसोप्रोपिलने पुसलं की आट्यांभोवती केसासारख्या बारीक तडा जातात आणि काही दिवसांनी तिथूनच पाणी झिरपतं. सौम्य साबण आणि पाणी पुरेसं आहे.

राहिलेल्या लहान वस्तू

पाण्याचं तापमान मोजणारा १० के (१० किलोओहम) सेन्सर, जी १/४ आट्यांचा. बोर्डावर त्याच्यासाठी दोन पिनांची जागा आहे का बघा. पंख्यांचा वेग सीपीयूच्या तापमानावर ठेवला तर दर वेळी ब्राउझर उघडताना ते ओरडतात. पाण्याचं तापमान सावकाश बदलतं, त्यावर ठेवले की खोली शांत राहते. उन्हाळ्यात पंखे वेग धरतात ते तापमान पाच-सात अंशांनी वर सरकवा, नाहीतर मे महिन्यात पंखे दिवसभर पूर्ण वेगात फिरतील. याशिवाय हवेच्या दाबाचा गळती-तपासक, २४ पिनांचा ब्रिज (बोर्ड न जोडता पॉवर सप्लाय सुरू करणारा तुकडा), नळीचं तोंड असलेली भरायची बाटली आणि पुढच्या जाळीला धुळीचा फिल्टर.

जोडणी आणि चाचणी

रेडिएटर आधी धुवा. कोमट डिस्टिल्ड पाणी अर्ध्यापर्यंत भरा, दोन्ही तोंडांना बुच लावा, मिनिटभर हलवा आणि पांढऱ्या भांड्यात ओता. पहिल्या पाण्यात सोल्डरिंगच्या वेळचे फ्लक्सचे तपकिरी कण दिसतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत करा, बहुधा चार-पाच वेळा.

लूप जोडून झाला की पाण्याआधी हवा. तपासकाने ०.५ बारपर्यंत दाब द्या, त्याहून जास्त नाही, आणि अर्धा तास काटा बघा. काटा उतरला तर लूप अर्ध्यात तोडून दोन्ही भाग वेगळे तपासा. दोषी फिटिंग लवकर सापडते.

मग पाणी. बोर्ड, सीपीयू आणि कार्डाच्या सगळ्या वीजतारा काढा, फक्त पंपाची ठेवा. २४ पिनांच्या जोडणीत ब्रिज लावा. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा. टाकी भरा, पॉवर सप्लाय दोन-तीन सेकंद चालू करा आणि टाकी रिकामी व्हायच्या आत बंद करा. पुन्हा भरा. पातळी स्थिर होईपर्यंत हेच चालतं, कधी दहा-पंधरा वेळा. केस हळूच पुढे-मागे कलंडवली की रेडिएटरमध्ये अडकलेले बुडबुडे सुटतात. त्यानंतर फक्त पंप २४ तास चालू ठेवा आणि टिश्यू एकेक करून उचलून बघा. सगळे कोरडे असतील तरच बोर्डाला वीज द्या.

पहिल्या आठवड्यात पाण्याची पातळी सेंटिमीटरभर उतरते, कारण राहिलेली हवा बाहेर येते. तेवढं भरून घ्या. पुढे दर महिन्याला टाकीवर पातळीची एक रेघ मारून तारीख लिहा: वर्षात थोडी उतरण ट्यूबमधून होणाऱ्या बाष्पीभवनाची, पण दोन आठवड्यांत बोटभर उतरली तर केसचा तळ आणि कार्डाची पाठ टॉर्च लावून तपासा.